जुनेर

घट बसायच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गावी यायचं तर एसटीत खिडकीची जागा धरावी. गाडी पुलावर आली की खाली कृष्णेचा काठ दिसतो, आणि त्या चार-पाच दिवसांत तो ओळखू येत नाही. घाटाच्या पायऱ्यांवर, खडकांवर, बाभळीच्या खालच्या फांद्यांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या फळ्यांवर, ऊन पडेल तिथं वाकळा वाळत घातलेल्या असतात. लाल, हिरव्या, जांभळ्या, विटक्या. आमच्याकडं याला ‘दसरा काढणं’ म्हणतात. घर झाडून, भिंती पुसून, डबे घासून झाले की शेवटी सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर न्यायचं. पूर्वी बैलगाडी जुंपायचे, आता ट्रॉली भरते. बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून वाकळ खडकावर आपटतात. पिळायला मात्र दोघं लागतात. दोन टोकांना धरून उलटसुलट पीळ घालायचा. एरवी इकडची काडी तिकडं न करणारे बापयेही त्या दिवशी वाकळ पिळताना दिसतात.

वाकळ चारचौघांत येते ती वर्षातून एवढ्या एकाच वेळी. बाकी वर्षभर ती झाकायची वस्तू. पाहुणे मुक्कामाला आले की त्यांना ट्रंकेतली सोलापुरी चादर, घरच्यांना वाकळ. माझ्या लहानपणी दुपारच्याला अचानक कुणी टपकलं की आई आधी कोपऱ्यातला वाकळांचा ढीग चादरीनं झाकायची आणि मग पाण्याचा तांब्या भरायला जायची. अंगावर चिंध्या उघड मिरवल्या त्या साधूंनीच. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतचं तर ग्रामदैवतच गोदड महाराज. ज्यांनी संसार सोडला त्यांना गोधडीची लाज वाटायचं कारण नव्हतं. ज्यांना संसार करायचा होता त्यांना होतं.

गेल्या वर्षी पुलावरून जाताना मी काठावरच्या वाकळा मोजायचा प्रयत्न केला. गाडी पुलावर असते मिनिटभर. चाळीसपर्यंत पोचले, आणि मग लक्षात आलं की त्यातल्या निम्म्याहून जास्त वाकळा नाहीतच. वाघ, मोर आणि भले मोठे गुलाब छापलेली केसाळ ब्लँकेटं होती ती.

घरी पोचल्यावर थोरल्या आईला म्हटलं, “वाकळा कमी झाल्या गं नदीवर.” थोरली आई म्हणजे माझी मोठी चुलती. घरातली सगळी पोरं, आता पन्नाशीला टेकलेलीसुद्धा, तिला थोरली आईच म्हणतात. मला वाटलं, ती म्हणेल की हल्लीच्या सुनांना शिवायला येत नाही, नाहीतर वेळ नाही, नाहीतर मोबाइलनं वाटोळं केलं. मी लेखासाठी तेच ऐकायची तयारी करून आले होते. ती म्हणाली, “वाकळ कशाची करायची? जुनेर कुठं ऱ्हायलंय?”

जुनेर हा शब्द मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. जुनेर म्हणजे वापरून वापरून विरलेलं लुगडं. जुनं झालेलं प्रत्येक लुगडं जुनेर नसतं. त्याला त्या पदाला पोचावं लागतं. लुगडं आलं की आधी ते सणावाराचं. मग जत्रा-लग्नाचं. मग रोजचं. रोजच्या लुगड्याचा मधला भाग, म्हणजे जो बसण्या-उठण्यात घासतो तो, आधी विरतो. तो कापून टाकायचा आणि दोन्हीकडची धड टोकं मधे जोडायची. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आणखी वर्ष-दीड वर्ष जातं. त्यानंतरचं ते जुनेर. त्याचा मऊसर भाग बाळंतिणीच्या घरी बाळोत्यांना आणि दुपट्यांना, पाळण्याच्या झोळीला. उरलेलं वाकळीत. वाकळही कधीतरी फाटते. मग तिचं पटकूर होतं, ते वासरावर पडतं, आणि सगळ्यात शेवटी त्याचं पोतेरं होऊन ते शेणकाल्यात बुडतं. थोरली आई हे सगळं एका दमात सांगते, आमच्या घराण्याची वंशावळ सांगावी तसं.

कृष्णाकाठी वाकळ, पुण्याकडं गोधडी, सीमा ओलांडली की कानडीत कौदी. संस्कृतातली कंथा बंगालात कांथा झाली. बिहारात सुजनी, सिंधमध्ये रल्ली. जिथं जिथं सुती कापड अंगावर विरायचं, तिथं तिथं बायकांनी हीच युक्ती काढलेली दिसते. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणारे सिद्दी लोक तिला कवंदी म्हणतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांचे, आणि तिथून निसटून घाटावरच्या जंगलात शिरलेल्यांचे हे वंशज. त्यातले बरेचजण आजही कोकणी बोलतात. त्यांच्या बाया कवंदी कडेकडेनं शिवत मध्याकडं जातात आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची छोटी फुलं लावतात. त्यांना त्या ‘फुला’ म्हणतात. अशा कवंद्या आता परदेशातल्या प्रदर्शनांत भिंतीवर टांगलेल्या असतात. थोरल्या आईला फोनवर त्यांचे फोटो दाखवले. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला (हे तिला नातवानं शिकवलंय) आणि म्हणाली, “टाका बारीक हाय. पर भिताडाला का लावल्यात? थंडी भिताडाला वाजती का?”

गोधडीविषयी लिहिताना ‘प्रत्येक टाक्यात एक आठवण’ असं काहीतरी लिहायची आपल्याला खोड आहे. आठवीच्या मराठीच्या पुस्तकात डॉ. कैलास दौंड यांची ‘गोधडी’ नावाची कविता आहे. माझ्या भाचीनं ती पाठ केली, तिच्यावरची उत्तरं लिहिली, आणि रात्री ती वाघाच्या ब्लँकेटात झोपली. मीही थोरल्या आईला विचारलंच, की या वाकळीत तुझ्या काय काय आठवणी आहेत. “आठवणी कसल्या? हिव पडायचं.” मग जरा थांबून, वाकळीवर हात फिरवत: “ह्ये हिरवं माझ्या भावानं दिवाळीला घेतलेलं. ह्ये जांभळं तुझ्या आत्तीच्या लग्नात आलेलं. आहेर म्हणून दिलं, पर एका धुण्यात इटलं. चांगलं द्याचं मनात न्हवतं त्यांच्या.” म्हणजे आठवणी होत्याच, फक्त त्या खतावणीसारख्या होत्या. कुणी काय दिलं, किती टिकलं, कुणी फसवलं.

या खतावणीचं माप कुठून आलं, हे मला त्या दिवशी अंगणात उलगडलं. नऊवारी लुगडं म्हणजे ९ वार, २७ फूट. त्याची चौघडी घातली की पावणेसात फूट लांबी येते. पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे पावणेचार फूट. एक धिप्पाड माणूस आडवा होऊन वर डोकं आणि खाली पाय झाकून उरेल, एवढं हे माप. कुणी आखून काढलेलं नाही; लुगड्याची चौघडी घातली की वाकळ आपोआप माणसाच्या मापाची होते. दोन लुगडी घेतली की आठ पदर. त्यातलं बरं असलेलं वर आणि खाली, विरलेलं मधे भर म्हणून. सहावारीची गंमत तेवढी जमत नाही. तिची तीन पदरी घडी जेमतेम सहा फूट भरते आणि उंच माणसाचे पाय बाहेर राहतात.

शिवायची ती उन्हाळ्यात. पेरणी नसते, मळणी उरकलेली असते, दुपार लांब असते. सारवलेल्या अंगणात खालचं लुगडं अंथरायचं, सुरकुती न राहील असं ताणायचं, चार कोपऱ्यांवर वरवंटा, दगडी खल, विळी, जे जड सापडेल ते ठेवायचं. त्यावर भर पसरायची. धोतराचे तुकडे, पोलक्यांचे पाठीकडचे भाग, जुन्या पैरणी. यात मोठं कसब आहे. भर एका जागी जास्त झाली तर वाकळीला गाठ येते आणि ती पाठीला टोचते. कमी पडली तर तिथून वारा शिरतो. थोरली आई डोळे मिटून तळहात फिरवते आणि कुठं तुकडा हवाय ते सांगते. मग वरचं लुगडं, कडेनं मोठे कच्चे टाके, आणि मग चार बाया चार बाजूंना बसून धावदोरा घालत आत आत सरकतात. टाका बोटाच्या पेराएवढा चालत नाही. पायाच्या अंगठ्यात अडकला की उसवतो. अंगुस्तान कुणाकडे नसतं. बोटाला चिंधी गुंडाळायची.

मी हिशेब केला. ओळी बोटाच्या रुंदीच्या अंतरानं धरल्या तर पन्ह्यात ७५-७६ बसतात. प्रत्येक ओळ २ मीटरच्या वर. म्हणजे एका वाकळीत दीडशे मीटरहून लांब टाका चालतो. टाका आणि मधली सुटलेली जागा मिळून १२ मिलिमीटर धरलं, तर एका वाकळीला १३,००० टाके. मोठ्या कौतुकानं हा आकडा थोरल्या आईला सांगितला. “मोजत बसलो असतो तर हिव संपलं असतं,” ती म्हणाली.

*

जुनेर गेलं कुठं, याचं उत्तर आमच्याच घरात होतं. माझे धाकटे चुलते लोअर परळच्या एका गिरणीत कामाला होते. आमच्या भागातली, साताऱ्याची, कोकणातली माणसं मुंबईला जाताना काखेत वळकटी घेऊन जायची. वळकटी म्हणजे वाकळच. तिच्यात एक कपड्यांचा जोड आणि भाकरीचं गाठोडं. एका खोलीत पाळ्या लावून झोपणाऱ्या दहा-पंधरा माणसांत प्रत्येकाची स्वतःची अशी तेवढीच एक चीज असायची. काका गणपतीला गावी आले की ट्रंकेतून गिरणीचं कापड निघायचं. वहिन्यांना लुगडी, पोरांच्या चड्ड्यांना तुकडे. सुती, जाड, धुतलं की आणखी मऊ होणारं. दुसरीकडून इचलकरंजीचा माल यायचा. तिथं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढं गावाचं सगळं अंगच मागांचं झालं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास कामगार गेले. काका सहा-सात महिने वाट बघून गावी परतले ते काखेतल्या वळकटीसकट. नेलेली वाकळ तीच परत आणली, एवढंच ते त्यावर बोलायचे. संपाचं बरंवाईट सांगायला मी अधिकारी नाही. माझ्या विषयापुरतं इतकंच, की त्यानंतर आमच्या घरात गिरणीचं लुगडं आलं नाही. पुढं १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानं गिरण्यांना सूत वापरा की कृत्रिम धागा, अशी मोकळीक दिली. मागांवर पॉलिस्टर चढलं. तालुक्याच्या बाजारात फुलाफुलांच्या साड्या आल्या. पाण्यातून काढल्या की अर्ध्या तासात वाळणाऱ्या, इस्त्री नको, काष्टा नको.

त्या साड्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. ज्या पिढीकडं ‘एक अंगावर, एक दांडीवर’ अशी दोनच लुगडी असायची, तिच्या सुनांना आठ-दहा साड्या मिळाल्या. ओलं लुगडं पिळताना मनगटं जायची, ती वाचली. शेतात, उसात, पावसात काम करणाऱ्या बाईला लवकर वाळणारं कापड म्हणजे काय, हे पुण्यात हातमागाची साडी नेसून लेख लिहिणाऱ्या माझ्यासारखीनं सांगू नये. पण पॉलिस्टर विरत नाही. रंग उडतो, जर काळी पडते, बाईला ती साडी नकोशी होते. कापड मात्र होतं तसंच राहतं. त्याचं जुनेर होत नाही. त्याला घामही शोषता येत नाही आणि टाकाही धरता येत नाही. सुती कापडाचे पदर एकमेकांना चिकटून बसतात, पॉलिस्टरचे पदर एकमेकांवरून घसरतात. त्यामुळं आता घरोघरी कपाट भरलेलं, आणि वाकळीला घालायला चिंधी नाही.

*

थोरल्या आईचं म्हणणं खरं आहे का, ते तपासायचं ठरवलं. मागच्या मे महिन्यात मुलीला घेऊन गावी गेले, ती पुण्यातल्या घरातले जुने कपडे दोन मोठ्या पिशव्यांत भरून. तिघांच्या संसाराचे चार-पाच वर्षांचे टाकायचे कपडे होते. मला वाटलं होतं, दोन वाकळा सहज होतील.

थोरल्या आईनं पिशव्या अंगणात रित्या केल्या. एकेक कपडा अंगठा आणि तर्जनीत चोळायचा आणि उजवीकडं नाहीतर डावीकडं टाकायचा, असं सुरू झालं. शंका आली की कडेचा धागा ओढून काढायचा आणि चुलीतल्या काटकीला लावायचा. सुताचा धागा भुरकन जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो, मागं राखेची भुकटी. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळी टणक गोळी होते. माझी मुलगी अकरा वर्षांची. तिनं हा खेळ लगेच हातात घेतला. “राख! गोळी. गोळी. गोळी. थोरली आजी, राख!” तिचा शाळेचा गणवेश: गोळी. माझे कुर्ते, दुकानदारानं ‘प्युअर कॉटन’ म्हणून दिलेले: निम्म्यांची गोळी. लेगिंग्ज चोळूनच डावीकडं. जीन्स राखेची निघाली, पण तिच्यातून सुई जाईना. टीशर्टची राख झाली म्हणून मी खूश झाले, तर थोरली आई म्हणाली, “ताणतंय ह्ये. वाकळंला प्वाट सुटंल.”

उजवीकडच्या ढिगात शेवटी नवऱ्याचे तीन शर्ट, सासऱ्यांची दोन धोतरं, एक ओढणी आणि चार-पाच बनियन. दोन पिशव्यांतून एक चौघडी निघेना.

घरात सुती नऊवारी नेसणारी आता एकटी थोरली आई. तिच्या ट्रंकेत दोन जुनी इरकली आहेत, हे मला ठाऊक होतं. मी नुसतं ट्रंकेकडं बघितलं. “ती नेसायची हाईत अजून,” ती म्हणाली.

*

तशी एकदा नदीनं आमच्या वाकळांची मोजदाद केली होती. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं आणि ते उतरायला आठवडा लागला. माणसं आधीच वरच्या अंगाला, शाळेत नेली होती. परत आलो तेव्हा मधल्या घरात अकरा वाकळा चिखल पिऊन पडलेल्या. कोरडी वाकळ अडीच-तीन किलोची. ती भिजलेली, गाळानं भरलेली वाकळ दोघींना हलेना. धुवून बघितलं. आठ पदरांच्या आत शिरलेला गाळ निघत नाही, आणि वास तर नाहीच. गावातल्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तेव्हा ढीग होते: गाद्या, पुस्तकं, धान्याची पोती, वाकळा. पालिकेच्या आणि पंचायतीच्या गाड्या ते उचलून न्यायच्या. थोरली आई आमच्या ढिगापाशी उभी राहिली नाही. आत जाऊन भिंती खरवडत बसली.

मग ट्रकभरून ब्लँकेटं आली. राज्याच्या कानाकोपऱ्यातून आली, कुणी कुणी पाठवली ते कळलंही नाही. त्यांनी ते दोन हिवाळे निभावले, हे सांगायलाच हवं. वाघ आणि गुलाब आमच्या गावात आले ते तेव्हा. अकरा वाकळा पुन्हा करायच्या तर बावीस-पंचवीस लुगडी हवी होती. ती कुठून आणायची?

*

पुण्यात उन्हाळ्यात फुटपाथवर, झाडाच्या सावलीत, सोसायटीच्या भिंतीला टेकून गोधड्या शिवणाऱ्या बाया दिसतात. बहुतेकजणी भटक्या समाजातल्या. गावोगाव हिंडताना पूर्वी याच कामाचे त्यांना जोंधळे मिळायचे, आता रोख मिळतात. आमच्या भागात बसणाऱ्या एका बाईंशी तासभर बोलले. हात थांबवून बोलायला त्यांना परवडत नव्हतं, म्हणून मीच खाली बसले आणि दोरा ओवून देत राहिले. गिऱ्हाइकं काय आणतात? “साड्या. ढीगच्या ढीग. सासूच्या, आईच्या. वारल्या की आणत्यात.” सगळ्या सुती? त्या हसल्या. “वरून साडी दिसली पायजे त्यांना. आत आमी जुनी बेडशीट घालतो. न्हाईतर गोधडी ऱ्हात न्हाई, सरकती.” म्हणजे आईची साडी फोटोसाठी वर आणि ऊब बेडशीटची.

या बाया मिळवतात त्याच्या कितीतरी पट किमतीला शहरातल्या बुटिकमध्ये ‘क्विल्ट’ मिळतं. हाताच्या टाक्यांचं, नव्या कापडाचं, मुद्दाम फिक्या रंगात छापलेलं, जुनं दिसावं म्हणून. पाहुण्यांपासून झाकायची वस्तू आता पाहुण्यांना भेट देण्याची झाली. मला याचा राग नाही. कौतुक जरा कमी आहे, इतकंच. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्या हिंडून गोळा केल्या आणि त्यांच्यावर इंग्रजीत मोठं देखणं पुस्तक केलं. तसं काम व्हायलाच हवं होतं. शनिवार-रविवारची गोधडी वर्कशॉपं निघतात, तीही चालू द्यावीत. अशाच एका वर्कशॉपात मी गेले होते. चौकोन कापलेलं रंगीत कापड, सुया, दोरा असा संच मिळाला. आम्ही बाराजणी होतो, दुपार छान गेली, आणि मी केलेला तुकडा आता टीव्हीखाली पडून असतो. थोरल्या आईला तो दाखवला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. “नवं कापड? फाडून? आन् पुन्ना जोडलं?” तिनं तो उलटा करून मागचे टाके पाहिले. टाके बरे आहेत म्हणाली. पण त्या रात्री जेवताना तिनं काकांना ही गोष्ट पुन्हा सांगितली, आणि दोघं बराच वेळ हसत होते.

वाकळीचं एक भावंड मात्र अजून धडधाकट आहे. ते म्हणजे दुपटं. लेकीच्या, सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेला, लंडनला निघालेल्या आज्यांच्या बॅगेत डिंकाच्या लाडवांच्या खाली काय असतं, हे विमानतळावरच्या लोकांनाही एव्हाना माहीत झालं असेल. मऊ सुती साडी फाडून शिवलेली चार-सहा दुपटी. तिकडं दवाखान्यात हवी तितकी कापडं मिळतात, तरी नेतात. यात रूढी किती आणि शहाणपण किती, ते मला सांगता यायचं नाही. पण शंभर वेळा धुतलेल्या सुताइतकं मऊ कापड नवं विकत मिळत नाही, हे खरं आहे. दुपट्याला साडी एकच लागते, आणि एक सुती साडी अजून बहुतेक घरांत सापडते. म्हणून ते टिकलंय, असा माझा अंदाज.

*

आमची वाकळ शेवटी झाली ती बेडशिटांची. घरातल्या तीन, शेजारच्या चुलत्यांकडच्या दोन, एक फाटकी सोलापुरी चादर, काकांच्या चार लुंग्या. लुंगी हे आताचं खरं जुनेर आहे, हे थोरल्या आईचं मत. पुरुष ती विरेपर्यंत सोडत नाहीत. शिवाय सासऱ्यांची धोतरं आणि ते तीन शर्ट. शर्टांची बटणं काढून तिनं डबीत ठेवली. कॉलर, कफ कापून टाकले. वर लावायला निळ्या फुलांची बेडशीट निवडली, कारण तिच्यावर मळ दिसायचा नाही.

अंगणाऐवजी सोप्यावर बसलो, कारण अंगणात आता फरशी आहे आणि ती दुपारी तापते. थोरली आई, आई, मी आणि माझी मुलगी, चौघी चार बाजूंना. पहिल्या दिवशी माझ्या ओळी वाकड्या गेल्या. थोरल्या आईनं काही न बोलता दोन ओळी उसवल्या. दुसऱ्या दिवशी फक्त एक उसवली. पाठ धरते, मान धरते, आणि तासाभरानं बोलणं आपोआप सुरू होतं. तोंडाकडं बघायचं नसतं, डोळे टाक्यावर असतात, म्हणून असेल. आईनं त्या दुपारी तिच्या पहिल्या बाळंतपणाबद्दल सांगितलं, जे मला पंचेचाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. ते इथं लिहिणार नाही.

मुलीचे टाके इंचाइंचाचे. ती जोरात जाते, मधे फोन बघते, पुन्हा जोरात जाते. मी म्हटलं, थोरली आई, हिचे उसव. तिनं बघितलं. “ऱ्हाऊ द्या. ती बाजू पायाकडं करू.”

पाच दुपारीत आम्ही निम्म्यावर आलो आणि माझी सुट्टी संपली. बाकीची दोघींनी दसऱ्यापर्यंत पुरी केली. या वर्षी दसरा काढला तेव्हा ती नवीच होती, म्हणून नदीवर नेली नाही. मी पोचले तर ती पलंगावर अंथरलेली, बेडशिटीखाली नव्हे, वर. कडेनं लाल दोरा घातलेला. शेवटचा कोपरा मात्र उघडा ठेवला होता, माझ्यासाठी. आमच्या घरात वाकळ पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा किंवा चपातीचा तुकडा घालून तो शिवतात. वाकळीला घास देतात. ज्यानं पांघरायची ती त्यानं उपाशी झोपू नये म्हणून, असं आई म्हणते. थोरली आई काही म्हणत नाही, तिच्या सासूनं घातला म्हणून ती घालते. मुलीनं सकाळच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा आत सरकवला आणि मी कोपरा शिवून टाकला. तोंडानं दोरा तोडला. थोरल्या आईनं वाकळ झटकली, घडी घातली, आणि पुण्याला न्यायला पिशवीत भरून दिली.

परवा फोन केला तेव्हा सांगितलं, की माळ्यावर ठेवली होती तर एका रात्रीत उंदरानं बरोबर तोच कोपरा कुरतडला. बाकी वाकळीला दातही लावला नाही.

“घास खाल्लान् व्हय,” थोरली आई म्हणाली. “मग आता दुसरा घाल. आन् माळ्यावर कशाला ठिवलीस? पांघर की.”